जेल पॉलिश काढताना नखाचा पापुद्रा जाऊ देऊ नका

परळला माझं पार्लर आहे. आसपासच्या हॉस्पिटलांतल्या नर्सेस, बँकेत काम करणाऱ्या, शाळेतल्या बाई, लग्न ठरलेल्या मुली असं गिऱ्हाईक. गणपतीच्या आधी आणि लग्नसराईत जेल लावून घ्यायला खुर्ची रिकामी राहत नाही. दोन-तीन आठवडे उलटले की त्यातल्याच कितीतरी जणी पांढरी पडलेली, खरवडलेली, टोकाला कागदासारखी दुमडणारी नखं घेऊन परत येतात आणि म्हणतात, "ताई, जेलने नखं खराब झाली हो." मी विचारते, काढलं कसं? उत्तर बहुतेक वेळा एकच असतं: ट्रेनमध्ये बसल्या बसल्या एका कडेने सुटायला लागलं होतं, मग ओढून काढलं.

असं ओढून काढलेलं जेल फेकून देण्याआधी एकदा उजेडात धरून बघा. वरच्या बाजूला रंग चमकत असतो. उलट्या बाजूला मात्र पांढरट, किंचित खरखरीत असा पातळ थर चिकटलेला दिसेल. तो जेलचा नाही, तुमच्या नखाचा आहे. हाताचं नख साधारण अर्धा मिलिमीटर जाड असतं आणि केराटिन नावाच्या प्रथिनाचे थर एकावर एक दाबून बसल्यामुळे ते तयार झालेलं असतं. जेल त्या वरच्या थराला घट्ट धरून बसतं. ओढलं की जेल नखापासून सुटत नाही, नखाचा वरचा थर खालच्या थरापासून सुटतो. आणि गेलेला थर कुठल्याही तेलाने, क्रीमने, सीरमने परत येत नाही. नख महिन्याला सुमारे तीन मिलिमीटर वाढतं, म्हणजे मुळापासून टोकापर्यंत पूर्ण नवं नख यायला सहा महिने लागतात. पायाच्या अंगठ्याला तर वर्ष-दीड वर्ष. तेवढा काळ ते पातळ नख घेऊन भांडी, कपडे, मासे, लसूण सगळं करायचं.

म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे. घरी जेल काढता येतं, नीट काढता येतं, त्यासाठी लागणारं सामानही फार नाही. फक्त तासभर वेळ हवा आणि कुठेही जोर लावायचा नाही.

साधं नेलपॉलिश हवेने वाळतं, त्यामुळे रिमूव्हरचा बोळा फिरवला की ते विरघळून निघून येतं. जेलचं तसं नाही. पार्लरमधल्या यूव्ही (अतिनील) दिव्याखाली ठेवल्यावर त्यातले छोटे छोटे रेणू एकमेकांत गुंफले जाऊन जाळीच तयार होते. ही जाळी ॲसिटोनमध्ये, म्हणजे रिमूव्हरमधल्या द्रावकात, विरघळत नाही. ॲसिटोन तिच्यात शिरतं, ती फुगते, मऊ होते आणि नखावरची पकड सोडते. याला वेळ लागतो. बोळा घासून काही होत नाही, बोळा नखावर बसून राहावा लागतो. एवढं लक्षात आलं की पुढची प्रत्येक पायरी का करायची ते आपोआप कळतं.

आधी बघा, बोटावर नक्की काय आहे

पार्लरमध्ये लावून घेताना विचारून ठेवलेलं बरं. नुसतं जेल पॉलिश असेल तर ते भिजवून निघतं, त्याला सोक ऑफ म्हणतात. ॲक्रिलिकची एक्स्टेन्शन्स, म्हणजे नख लांब करायला वर बसवलेली नखं, तीही भिजवून निघतात, पण त्यांना कितीतरी जास्त वेळ लागतो. हार्ड जेल, म्हणजे नख लांब-जाड करायचं टणक जेल, मात्र ॲसिटोनमध्ये कितीही वेळ ठेवा, ढिम्म हलत नाही. ते फाइल करूनच उतरवावं लागतं, आणि ते काम घरी करू नका. किती उतरवलं आणि खाली नख कुठे सुरू झालं हे सवयीच्या हातालाच कळतं. बिल्डर जेलमध्ये (नखाला जाडी देणारं घट्ट जेल) भिजवून निघणारं आणि न निघणारं असे दोन्ही प्रकार मिळतात, तेव्हा लावणारीलाच विचारा. चिकटवलेली तयार नखं असतील तर कोमट साबणाच्या पाण्यात हात बुडवून, कडेने तेल सोडून हळूहळू सैल करा, पुष्कळदा तेवढ्याने काम होतं.

काहीच माहीत नसेल तर दहाही बोटं एकदम गुंडाळू नका. एकाच नखावर प्रयोग करा. वरची चमक घासून काढा, ॲसिटोनचा बोळा पंधरा मिनिटं ठेवा. वरचा थर मऊ पडला, सुरकुतला तर पुढे जा. होता तसाच कडक राहिला तर पार्लर गाठा.

बोटाला चीर असेल, नखाच्या कडेला पिकलं असेल, नख दुखत असेल तर आधी ते बरं होऊ द्या. उघड्या जखमेवर ॲसिटोन लागलं की जीव कासावीस होतो.

सामान

शुद्ध ॲसिटोन लागेल. बाटलीवर तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. दादरला स्टेशनबाहेरच्या कॉस्मेटिकच्या दुकानांत किंवा क्रॉफर्ड मार्केटकडे गेलात तर सहज मिळेल. डबीतले वासाचे छोटे रिमूव्हर पॅड जेलपुढे निरुपयोगी आहेत. 'ॲसिटोन फ्री' लिहिलेला रिमूव्हरही इथे कामाचा नाही. साध्या पॉलिशला तो चांगला, जेलला नाही. तो तासभर लावून बसलेल्या मुली मी पाहिल्या आहेत, आणि शेवटी कंटाळून त्यांनी सुरीच घेतलेली असते.

हार्डवेअरच्या दुकानातलं थिनर मात्र कधीच नको. वास सारखा वाटतो म्हणून काही जणी वापरतात. थिनर म्हणजे बऱ्याच द्रावकांचं मिश्रण, त्यात टोल्युइनसारखी घातक रसायनं असू शकतात आणि ते भिंतीच्या नि लाकडाच्या रंगासाठी आहे. ते तुमच्या त्वचेवर अर्धा तास गुंडाळून ठेवायची वस्तू नव्हे. ज्या 'जादू'च्या रिमूव्हर बाटलीवर आत काय आहे ते छापलेलंच नाही, तीही मी हातात घेत नाही. जेल भराभर फुगतं खरं, पण तेच बाजूच्या कातडीला लागलं तर काय होईल हे सांगायला बाटलीवर एक अक्षर नसतं.

बाकी कापूस, डब्यात पोळ्या गुंडाळायची फॉइल, १८० नंबरची फाइल (नंबर जितका मोठा तितकी फाइल मऊ), एक मऊ बफर म्हणजे नख गुळगुळीत करायचा ठोकळा, ऑरेंज स्टिक म्हणजे तिरप्या टोकाची लाकडी काडी, व्हॅसलिन किंवा खोबरेल तेल, जुना टॉवेल. फाइल १०० नंबरची घेऊ नका, ती फार खरखरीत असते आणि घरच्या हाताला आवरत नाही. फॉइलचे बोटाभोवती दोन वेढे बसतील एवढे चौकोन आणि नखाएवढे कापसाचे तुकडे आधीच कापून ठेवा. एकदा बोटं गुंडाळली की कात्री धरता येत नाही.

ॲसिटोन ओतायला स्टीलची किंवा काचेची वाटी घ्या. थर्माकोलच्या वाटीत ओतलंत तर वाटी डोळ्यांदेखत विरघळेल. प्लास्टिकचे मणी, खोटे मोती, बांगड्या, घड्याळ, सगळं काढून बाजूला ठेवा. पॉलिश केलेल्या लाकडी टेबलावर बसू नका, एक थेंब पडला तरी डाग कायमचा. वर्तमानपत्राची जाड घडी पसरा आणि चांगला टॉप किंवा साडी अंगावर नको.

बसायचं कुठे, यावर मी सगळ्यात जास्त बोलते

मुंबईतली घरं आपल्याला माहीत आहेत. वन रूम किचनमध्ये गॅस आणि दिवाण यांच्यात चार पावलांचं अंतर. ॲसिटोन पेट्रोलसारखं भराभर उडतं आणि पेट घेतं. त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे ती वर न जाता जमिनीलगत पसरते आणि लांबच्या ज्योतीपर्यंतही पोचू शकते. म्हणून गॅस चालू असताना, देवापाशी समई किंवा निरांजन तेवत असताना, उदबत्ती किंवा मच्छरची कॉइल लावलेली असताना हे काम करायचं नाही. संध्याकाळी दिवेलागणीची वेळ तर टाळाच. घरात कुणी सिगारेट ओढणारं असेल तर त्याला आधी सांगा. कुकर लावलाय, तीन शिट्ट्या होईपर्यंत नखं भिजवू, असं अजिबात नको.

दुपारी जेवणं आटोपल्यावर, सगळं विझलेलं असताना, उघड्या खिडकीपाशी बसा. लहान मूल जमिनीवर खेळत असेल तर त्याला दुसरीकडे पाठवा, वाफ खालीच साचते. बाटलीतून लागेल तेवढंच वाटीत घ्या आणि बुच लगेच घट्ट लावा. बाटली स्वयंपाकघरातल्या शेल्फवर ठेवू नका, आणि पाण्याच्या बाटलीत तर मुळीच ओतून ठेवू नका.

ॲसिटोन कोमट केलं की काम लवकर होतं असं मोबाइलवर बघून काही जणी वाटी गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये ठेवायला निघतात. तसं कधीही करू नका. ऊब हवी असेल तर फॉइल गुंडाळलेला हात टॉवेलमध्ये लपेटून मांडीवर ठेवा, अंगाची ऊब पुरते. एसी चालू असेल तर बंद करा, थंड हवेत भिजायला जास्त वेळ लागतो आणि बंद खोलीत वास कोंडतो.

कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर आधी काढा. डोळ्यात थेंब उडालाच तर नळाचं स्वच्छ पाणी पंधरा मिनिटं सोडत राहा आणि डॉक्टरांकडे जा.

आता काढायला घेऊ

हात साबणाने धुऊन कोरडे करा. नखं लांब असतील तर कापून छोटी करा, तेवढंच भिजवायचं कमी.

मग फाइल. इथे घासायचं आहे ते फक्त टॉप कोटला, म्हणजे जेलच्या सगळ्यात वरच्या चमकदार थराला. तो सगळ्यात टणक असतो आणि ॲसिटोनला आत येऊ देत नाही. फाइल आडवी, हलक्या हाताने, एकाच दिशेने फिरवा. चमक गेली आणि नख धुरकट दिसायला लागलं, रंगाची भुकटी पडायला लागली की थांबा. रंग पूर्ण घासून काढायचा मोह होतो, पण रंग संपून नख कुठे लागतं ते रंगाच्या भुकटीत कळत नाही. कडांना विशेष जपा, तिथे जेलचा थर पातळ असतो. नाकावर मास्क ठेवा आणि पडलेली भुकटी ओल्या कापडाने टिपून घ्या, फुंकर मारू नका. जेलमधल्या ॲक्रिलेट या रसायनाची काहींना ॲलर्जी होते, ती भुकटी त्वचेवर आणि श्वासात जितकी कमी जाईल तितकं बरं.

आता नखाभोवतीच्या कातडीला, बोटाच्या पेरापर्यंत, व्हॅसलिन चोपडा. नखावर लागू देऊ नका, नाहीतर ॲसिटोन आत शिरणार नाही. हे व्हॅसलिन लावायचा कंटाळा केला की दुसऱ्या दिवशी बोटांची टोकं भेगाळलेली, पांढरी दिसतात.

कापसाचा तुकडा ॲसिटोनमध्ये भिजवून किंचित पिळा. तो ओला हवा, टपकता नको. नखावर नीट बसवा, कुठे पोकळी राहू देऊ नका, आणि वरून फॉइल घट्ट गुंडाळून टोक दुमडा. फॉइल कशासाठी, तर ॲसिटोन उडून जाऊ नये म्हणून. सैल गुंडाळलंत तर पाच मिनिटांत कापूस कोरडा. एका वेळी एकच हात करा. उजव्या हाताने काम करत असाल तर आधी डावा. दोन्ही हात एकदम गुंडाळून बसलं की नेमकी तेव्हाच दारावरची बेल वाजते.

बोटं थंडगार लागतील, ते साहजिक आहे, ॲसिटोन उडताना थंडावा देतं. पण झोंबलं, आग झाली तर वाट बघत बसू नका. फॉइल काढा, हात धुवा.

दहा ते पंधरा मिनिटांनी एकच बोट उघडा, सगळी नाही. करंगळीपासून सुरुवात करा, तिचं नख लहान म्हणून लवकर तयार होतं. फॉइल काढताना कापूस नखावर किंचित दाबून टोकाकडे ओढत बाहेर घ्या. बराचसा रंग त्याच्याबरोबर निघून येईल. जे राहिलं त्याच्याकडे नीट बघा. पावसाळ्यात ओल आलेल्या भिंतीचा रंग पोपडे धरतो, तसं जेल फुगून, सुरकुतून, कडेने उचललेलं दिसायला हवं. तसं दिसलं की ऑरेंज स्टिकची तिरपी बाजू नखाला जवळजवळ आडवी ठेवून मुळाकडून टोकाकडे अलगद सरकवा. जेल भुगा होऊन पुढे सरकेल. स्टिक उभी धरू नका, तिचं टोक नखात रुततं.

आणि सरकलं नाही तर? तर कापूस पुन्हा ओला करा, पुन्हा गुंडाळा, आणखी पाच मिनिटं बसा. गडद रंगाला, चकाकीवाल्या जेलला, दोन-तीन थर लावलेल्याला हे दोनदा-तीनदा करावं लागतं. त्यात काही बिघडलेलं नाही. नख जातं ते नेमकं याच क्षणी. नव्वद टक्के निघालेलं असतं, मधोमध एक बेट चिकटून बसलेलं असतं, हात शिवशिवतात आणि मग बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन कामाला येते. पिन, ब्लेड, सुरी, दात, दुसऱ्या हाताचं नख, यातलं काहीही नको. ते बेट पाच मिनिटांत स्वतःच सुटणार आहे.

बोट उघडं राहिलं की मऊ पडलेलं जेल हवेवर पुन्हा कडक व्हायला लागतं, म्हणून पाचही फॉइल एकदम उघडू नका. एक उघडा, साफ करा, मग दुसरं.

शेवटी नखावर पारदर्शक पातळसा थर राहिल्यासारखा वाटतो, तो बेस कोट, म्हणजे रंगाआधी लावलेला सगळ्यात खालचा थर असतो. बोट फिरवलं तर जरासं चिकट किंवा खडबडीत लागतं. मऊ बफर दोन-चार वेळा हलका फिरवा, बस. आरशासारखं गुळगुळीत करायच्या नादात बफरनेही नख झिजतं.

नंतरचे काही दिवस

हात साबणाने धुतल्यावर नखं पांढरट, कोरडी दिसतील, घाबरू नका. ॲसिटोनने तेलकटपणा ओढून घेतलेला असतो. खोबरेल तेल कोमट करून नखांवर आणि कडेच्या कातडीवर चोळा, दिवसातून दोनदा आणि झोपताना न चुकता. महागड्या क्युटिकल ऑइलची सक्ती नाही, घरातली तेलाची बाटली रोज हाताशी येते हीच तिची जमेची बाजू. ज्या डागावर तेल लावून पांढरेपणा जातो तो कोरडेपणा होता. जो तेलानेही जात नाही, तिथे थर निघालेला आहे. तो वाढत वाढत टोकापर्यंत येईल तेव्हा कापला जाईल, त्यावर घासत बसू नका.

नखं छोटी ठेवा. भांड्यांना, कपड्यांना हातमोजे घाला, कोलंबी सोलताना तर जरूर. काही दिवस नखांवर हळद पटकन चढते, पिवळेपणा हात धुता धुता उतरतो, त्यासाठी लिंबू चोळू नका, कोरडेपणा वाढतो.

लगेच दुसरं जेल लावावं का, असं नेहमी विचारतात. नखं श्वास घेत नाहीत, त्यांना जे लागतं ते खालून रक्तातून मिळतं, त्यामुळे 'श्वास घेऊ द्या' म्हणून नव्हे, पण कोरडेपणा भरून यावा आणि नखाची खरी अवस्था आपल्याला दिसावी म्हणून मी आठवडा-दोन आठवडे मोकळे ठेवायला सांगते. सलग लावणाऱ्यांनी दर दोन-तीन महिन्यांनी तरी हे करावं.

उलट, जेल फार दिवस ठेवणंही बरं नाही. दोन-तीन आठवड्यांनी कडा सुटायला लागतात आणि त्या फटीत पाणी साचतं. जुलै-ऑगस्टमध्ये तर हात दिवसभर दमटच असतात. अशा ओलाव्यात जंतू वाढून नख हिरवट पडू शकतं. कड सुटलेली दिसली की त्याच आठवड्यात काढा, वरून दुसरा थर लावून झाकू नका.

ऑपरेशन किंवा बाळंतपण ठरलं असेल तर जेल काही दिवस आधीच काढून ठेवा. बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटर नखातून प्रकाश पाठवून रक्तातला ऑक्सिजन मोजतो, गडद रंग मध्ये आला तर आकडा चुकू शकतो. नखांचा रंगही डॉक्टरांना बघायचा असतो. ॲडमिट व्हायच्या आदल्या रात्री धावतपळत आलेल्या, घरी अर्धं उपटून आलेल्या बायका माझ्याकडे येतात तेव्हा फार वाईट वाटतं. जीवाला आधीच घोर, त्यात सोललेली नखं.

पार्लरमध्ये काढून घेणार असाल तर बसण्याआधी विचारा, भिजवून काढणार की ड्रिल मशीनने? मशीन वाईट नाही, पण हात कच्चा असेल तर नखावर लालसर आडवी चरी पडते. नख गरम लागलं की त्याच क्षणी हात मागे घ्या, लाजू नका. "थोडं सहन करा" म्हणणाऱ्या ठिकाणाहून उठून यायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

वापरलेला ओला कापूस गॅसजवळच्या डब्यात टाकू नका. खिडकीबाहेर ग्रिलवर वाळू द्या, मग कागदात गुंडाळून कचऱ्यात. वाटीत उरलेलं ॲसिटोन सिंकमध्ये ओतायचं नाही, कापसाने टिपून तसंच वाळवायचं.

नख खालच्या कातडीपासून सुटून पांढरं दिसत असेल, हिरवं किंवा काळं पडलं असेल, ठणकत असेल, बोटांच्या टोकांना किंवा पापण्यांना खाज, पुरळ, सूज येत असेल तर घरगुती उपाय थांबवा आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. केईएम, सायन, नायर इथे त्वचारोगाची ओपीडी आहे. जाताना कुठल्या कंपनीचं जेल होतं त्याचा फोटो मोबाइलमध्ये घेऊन जा, आणि नखं रंगवून जाऊ नका.